वाळवंट, सडा आणि चित्राची चौकट

मराठी माणसाने ‘वाळवंट’ हा शब्द उच्चारला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहावे ते चंद्रभागेचे वाळवंट; आषाढी-कार्तिकीला जिथे पाय ठेवायला जागा उरत नाही ते. आमच्या डिचोली तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे तर नावच वाळवंटी. तिच्या काठी, साखळीजवळच्या विठ्ठलापुरात, विठोबाचे देऊळ आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तिच्या पाण्यावर नौका उजळतात. म्हणजे आमच्या भाषेच्या जुन्या वळणात वाळवंट ही माणसांनी गजबजलेली जागा आहे. संस्कृताने ज्या भूमीला ‘मरु’ म्हटले, ज्या शब्दाच्या पोटात मरण आहे, ती भूमी निराळी. दोहोंना आज आम्ही एकच शब्द वापरतो. त्या शब्दाबरोबर ओसाडीची कल्पना आमच्या डोळ्यांत इतकी घट्ट बसली आहे की, कॅमेरा घेऊन जैसलमेरच्या वाळूत उभा राहिलेला आमचा छायाचित्रकार समोर जे आहे ते टिपीत नाही. घरून निघताना मनात धरलेले चित्र तेवढे टिपून आणतो.

गेल्या काही वर्षांत दिवाळी-नाताळच्या सुट्टीत राजस्थानास जाऊन येण्याची चाल आमच्याकडे बरीच रुळली आहे. देवळांच्या उत्सवांत किंवा शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत छायाचित्रे मांडली जातात तेव्हा त्यांत वाळवंटाचा वाटा लहान नसतो. ती चित्रे टाकाऊ म्हणावीत अशी मुळीच नसतात. सामग्री उत्तम, छपाई उत्तम, रंग तर गरजेहून अधिक उत्तम. तरीही दहा चित्रांपुढून सरकत गेल्यावर अकरावे कोणते असेल हे न पाहता सांगता येते. मावळतीचा सूर्य, त्याच्यापुढून चाललेली उंटांची रांग, उंटवाल्याचा काळा आकार, आणि चौकटीच्या बरोबर मध्यावर क्षितिजाची रेघ. जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे पर्यटनाच्या हंगामात हे एकच चित्र दर संध्याकाळी किती जण घेत असतील ह्याची गणती नाही. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघते खरे, परंतु ती दाद सूर्याला असते. आमच्या कळंगुटच्या किनाऱ्यावर हाच सूर्य ह्याच रंगात मावळतो. उंटाच्या जागी होडी ठेवली की चित्र तेच. ज्या चित्रातून वाळू काढून पाणी घातले तरी काही बिघडत नाही, त्या चित्रात वाळू होती असे कसे म्हणावे?

रचनेचा पहिला दोष क्षितिजाचा. चौकटीची अर्धी जागा आकाशाला आणि अर्धी भूमीला, अशी वाटणी करणारा छायाचित्रकार दोन भावांच्या दाव्यात तडजोडीचा हुकूमनामा लिहिणाऱ्यासारखा वागतो. दोघेही पक्षकार घरी जातात, दोघेही असमाधानी. चित्राला निकाल हवा असतो. चित्र आकाशाचे आहे की जमिनीचे, हे बटन दाबण्यापूर्वी ठरले पाहिजे. पुस्तके सांगतात की, चौकटीचे तीन भाग कल्पून क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवावे. नियम वाईट नाही. पण त्याचे मर्म तीन ह्या आकड्यात नसून त्या निकालात आहे. हिवाळ्यात मरुभूमीचे आकाश बहुधा निरभ्र असते, कोऱ्या निळ्या कागदासारखे. अशा आकाशाला अर्धी चौकट कशासाठी द्यावी? वर एक चिंचोळी पट्टी ठेवली तरी पुरते. काही वेळा ती पट्टीही नको असते.

हे धाडस एडवर्ड वेस्टनने केले. ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी ओशेनो येथे वाळूच्या टेकड्यांची एक चित्रमाला घेतली. त्याच्यापाशी आठ इंच बाय दहा इंच निगेटिव्हचा अवजड कॅमेरा होता. तो वाळूतून वाहून नेणे हे हमालीचेच काम. त्या मालेतील कित्येक चित्रांत आकाश जवळजवळ नाहीच. चौकटीच्या चारही कडांपर्यंत वाळू भिडलेली. वाऱ्याने पाडलेल्या बारीक लाटा, त्यांच्यावरून तिरपी उतरणारी सावली आणि कुठे एखादी धारदार कड. पाहणाऱ्याला क्षणभर हे काय आहे, केवढे आहे, हे कळत नाही. हाताएवढे असेल किंवा डोंगराएवढे. मग सावली वाचता वाचता आकार उलगडतो. वेस्टनने वाळूवर दुसरे काही आणून ठेवले नाही. वाळूतच जे घडत होते तेवढ्याने त्याने चौकट भरली, आणि ती भरली आहे असे पाहणाऱ्यालाही वाटते.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे १९४८ सालचे मृत्युदरीतील सूर्योदयाचे वाळूचे चित्र ह्याच कुळातले आहे, परंतु स्वभाव निराळा. त्यात उजेड आणि काळोख ह्यांना वेगळे करणारी एक धार वळसे घेत वर जाते आणि डोळा तिच्यावरून मुकाट्याने चालत राहतो. सूर्योदयाचे चित्र, पण सूर्य चौकटीत नाही. सूर्याने वाळूवर काय केले एवढेच अ‍ॅडम्स दाखवतो. आमच्या समच्या चित्रांतले छायाचित्रकार सूर्याकडे तोंड करून उभे असतात. त्यांनी एकदा वळून आपल्या कुशीला असलेली वाळू पाहिली असती, तर दुसरे चित्र आपोआप निघाले असते. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून, जमिनीला घासून येत असला म्हणजे वाळूच्या प्रत्येक लाटेला एक उजळ आणि एक काळी बाजू मिळते. समोरून आला तर सगळे काळे, पाठीमागून आला तर सगळे सपाट.

इथे थोडे हिशेबाचे बोलले पाहिजे. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस, सुमारे २७ अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातून एकदाही डोक्यावर येत नाही, आणि डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून चाळीसएक अंशच वर असतो. म्हणून थंडीत तिथे सावल्यांचा वेळ लांबतो. आमच्याकडे, पंधरा-सोळा अक्षांशांवर, मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये सूर्य थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली दडते. तेव्हा राजस्थानात सकाळी नऊ वाजता साधले ते इथे वैशाखात साडेसातलाच उरकावे लागते. दुसरी गोष्ट प्रकाशमापकाची. कॅमेऱ्यातील मापक सगळ्या जगाला मध्यम करडे समजतो. उजळ वाळू त्याच्यापुढे आली की तो तिला काळवंडतो. तिथे एक-दीड स्टॉप प्रकाश वाढवून द्यावा. आमच्या काळ्या कातळावर नेमके उलट होते. कातळ फिकट पडतो, म्हणून तिथे प्रकाश कमी करावा लागतो. मोबाईलवर चित्रे घेणाऱ्यांनाही ही सोय उपलब्ध असते. पडद्यावर बोट सरकवण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

अ‍ॅडम्सचा विषय निघालाच आहे तर त्याच्या आणखी एका चित्राविषयी सांगण्याचा मोह आवरत नाही. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे ते चित्र. खाली लहानसे गाव, स्मशानातील क्रूस मावळत्या उन्हात चमकताहेत, आणि वर चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग काळ्या आकाशाला दिलेला. हा आकाशाच्या बाजूने दिलेला स्वच्छ निकाल. ते आकाश अ‍ॅडम्सने पुढल्या अनेक छपाईंत अधिकाधिक काळे करीत नेले, हे जाणकारांस ठाऊक आहे. पण वकिलाला ह्या चित्राची खरी मौज दुसरीकडे वाटते. ते कधी घेतले ह्याची नोंद खुद्द अ‍ॅडम्सपाशी नव्हती. तो निरनिराळ्या वेळी निरनिराळी साले सांगे. अखेर चित्रातील चंद्राच्या स्थितीवरून खगोलशास्त्रज्ञांनी गणित मांडले आणि १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित केली. चित्रकर्त्याची आठवण डळमळली आणि आभाळातल्या साक्षीदाराने तारीख सांगितली. चित्र सुंदर असूनही साक्ष देऊ शकते, ही गोष्ट पुढे आम्हांस उपयोगी पडणार आहे.

आता उंटाकडे वळू. ओसाड वाटणाऱ्या जागेत माणूस किंवा जनावर घालण्यामागे एक न्याय्य गरज असते. त्याशिवाय जागेचे मान कळत नाही. प्रश्न एवढाच की, ते मान सांगण्यासाठी त्याला किती मोठे करावे. डेव्हिड लीनच्या १९६२ सालच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ह्या चित्रपटात एक प्रसंग आहे. सपाट, तापलेली भूमी. क्षितिजाशी मृगजळात थरथरणारा एक काळा ठिपका. तो फार हळू मोठा होत होत उंटावरचा स्वार होतो. फ्रेडी यंगने हे टिपण्यासाठी ४८२ मिलिमीटरचे लांब भिंग मुद्दाम मिळवले होते. बराच वेळ पडद्यावर त्या ठिपक्यावाचून काहीच घडत नाही आणि तरी प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. त्या ठिपक्याचे बळ त्याच्या लहानपणात आहे. आमच्या प्रदर्शनातील उंट मात्र चौकटीची उंची व्यापून बसतो. त्याच्या गोंड्यांची मोजदाद करता येते आणि वाळवंट त्याच्या पायांखालच्या सतरंजीइतके उरते. ते उंटाचे व्यक्तिचित्र झाले. तसे नाव द्यावे, म्हणजे तक्रार नाही.

विल्फ्रेड थेसिजर ह्या इंग्रज प्रवाशाने १९४६ ते १९४८ ह्या काळात अरबस्तानातील ‘रब अल-खाली’ नावाची अफाट मरुभूमी दोनदा ओलांडली आणि १९५९ साली त्यावर ‘अरेबियन सँड्स’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या लहानशा लायका कॅमेऱ्यातून निघालेली चित्रे आम्ही पुन्हा पुन्हा पाहत आलो आहोत. रचनेच्या कसोटीला त्यांतील काही सामान्यच ठरतील. तरीही त्यांतली वाळू राहती आहे; तिच्यावरून चालणाऱ्यांना पुढची विहीर कुठे हे ठाऊक आहे, हे त्यांच्या उभे राहण्यावरून दिसते. त्या प्रदेशाच्या नावाचा अर्थ होतो ‘रिकामा चतुर्थांश’. परंतु थेसिजरच म्हणतो की, तिथे राहणारे बदू लोक त्या भूमीला नुसते ‘वाळू’ म्हणतात. रिकामी ती बाहेरून पाहणाऱ्याला. आमच्या मते ओसाड भूमीच्या चित्ररचनेचा सगळा प्रश्न ह्या दोन नावांमध्ये आहे. छायाचित्रकार ह्यांतले कोणते नाव मनात धरून चौकट आखतो, ते चित्रावरून लपत नाही.

ह्या बाबतीत आपल्याकडचा सर्वांत डोळस माणूस रघुबीर सिंह. जयपुरात १९४२ साली जन्मलेल्या आणि १९९९ साली वारलेल्या ह्या छायाचित्रकाराने राजस्थानवरील आपले पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध केले. रंग हे भारतीय दृष्टीचे अंगभूत द्रव्य आहे असे त्याचे मत होते आणि कृष्णधवलाची प्रतिष्ठा चढती असताना तो रंगाला चिकटून राहिला. त्याच्या चौकटीत माणसे, भिंती, झोपाळे, जनावरे एकमेकांवर रेलून असतात. वाळू त्यांच्या मधून डोकावते. त्याच्या अनुकरणाने आमच्याकडे लाल पागोट्याची साथ आली. पिवळ्या वाळूत कुठे तरी एक लाल ठिपका पेरला म्हणजे रचना झाली, असा समज पसरला. रघुबीर सिंहच्या चित्रातील पागोटे कोणाच्या तरी डोक्यावर असते आणि तो माणूस काही तरी करीत असतो. पेरलेले पागोटे हे लग्नमंडपातल्या भाड्याच्या कमानीसारखे असते, दिवसाच्या बोलीचे.

आणि आता घराकडे. राजस्थानला जाण्याची ऐपत किंवा सवड ज्यांना नाही त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. रिकाम्या भूमीची रचना शिकायची तर आमच्या सड्यासारखा गुरू नाही. लाटंबार्से हे डिचोली तालुक्याच्या उत्तरेचे गाव. त्यापलीकडे दोडामार्ग आणि महाराष्ट्राची हद्द. पूर्वेला सह्याद्रीची निळी भिंत. आमचे कोंकणी ज्याला ‘सडो’ म्हणते तो जांभ्या दगडाचा सपाट माथा ह्या पट्ट्यात, पेडण्यापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत, वारंवार भेटतो. ह्याच दगडाला फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ साली ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तेही मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून. त्या लॅटिन नावाचा अर्थ वीट. आमच्याकडील गवंडी चिरा म्हणतो, अर्थ फारसा दूर नाही.

सडा वर्षातून चार वेळा कात टाकतो. मार्च ते मे तो काळा, सच्छिद्र, तव्यासारखा तापलेला. जूनच्या पहिल्या सरींनंतर खळग्यांत पाणी साठते आणि आकाशाचे तुकडे जमिनीवर पडल्यासारखे दिसतात. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर बोटभर उंचीची फुले येतात. सीतेची आसवे म्हणतात ती निळीजांभळी, गेंदाचे पांढरे ठिपके, कडेकडेने तेरडा. त्यांतली सीतेची आसवे ही किडे खाऊन जगणारी वनस्पती आहे, कारण कातळावरच्या मूठभर मातीत तिला दुसरे पोषण नाही. मग कार्तिकात सोनेरी गवत, आणि गवत वाळले की पुन्हा कातळ. कास पठाराला लोक गर्दी करतात; पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आली त्यांत तेही आहे. आमच्या सड्याला तसा मान नाही, आणि एका अर्थी ते बरे आहे.

सड्यावर छायाचित्रकाराची पहिली अडचण तीच, जी समच्या वाळूत असते. उभे राहून, डोळ्याच्या उंचीवरून, रुंद भिंगातून घेतले तर सगळे सपाट येते, दूरचा सह्याद्री कंपासपेटीतल्या पट्टीएवढा होतो आणि पुढचा कातळ नुसता डाग. उपाय गुडघ्यांचा आहे. खाली बसावे, आडवे पडायची तयारी असली तर उत्तम. बोटभर उंचीचे फूल चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मोठे होते, त्याच्यामागे खळग्यातले पाणी, त्याच्यामागे दोनचार झुडपे, आणि सगळ्यांत मागे डोंगर, अशी चार पायऱ्यांची खोली चित्राला येते. खळग्याच्या पाण्यात डोंगर पडला असेल तर क्षितिज मध्यावर ठेवण्याचा अपराधही माफ आहे. तिथे वरची आणि खालची बाजू एकमेकींशी बोलत असतात. सह्याद्री मोठा हवा असेल तर उलट करावे. लांब भिंग लावून मागे सरावे, म्हणजे झुडूप आणि डोंगर जवळ येतात. एकाच जागेवर उभे राहून दोन्ही साधण्याचा हट्ट मात्र धरू नये.

माणसाविषयीही सडा शिकवतो. त्याच्यावरून पायवाटा जातात आणि त्या कधी सरळ नसतात; खळगे टाळीत, जुन्या चिरेखाणीच्या चौकोनी खड्ड्याला वळसा घालून त्या जातात. चित्रात अशी वाट आली तर माणसाची गरज उरत नाही. वाटच त्याची साक्ष देते. माणूस घ्यायचाच असेल तर भाद्रपदात घ्यावा. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत माटोळीसाठी रानफळे आणि फुले वेचायला लोक सड्यावर आणि रानात जातात. पाठमोरा, वाकलेला, हाती पिशवी धरलेला माणूस, चौकटीच्या विसाव्या हिश्शाएवढा. गणपतीच्या डोक्यावरची ती छपरी ज्या भूमीने भरली तिला पडीक कोण म्हणेल? चित्रे अजूनही म्हणतात. ती बहुतेक मे महिन्यात आणि बाराच्या उन्हात घेतलेली असतात.

डिचोलीचे दुसरे वाळवंट माणसाने केलेले आहे, आणि त्याची चित्रे घेणे ही अधिक अवघड परीक्षा. शिरगाव, पाळी, वेळगे, सुर्ल ह्या बाजूंना लोखंडाच्या खाणींनी उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. वाळूच्या टेकडीचा निवाऱ्याकडील उतार सुमारे ३० ते ३४ अंशांवर स्थिरावतो. त्याहून उभा झाला की वाळू घसरते. टिपरने ओतलेल्या मातीच्या ढिगालाही असाच आपला एक कोन असतो. एक वाऱ्याने रचलेली, दुसरा ठेकेदाराने. पण निसर्गाचा कायदा दोघांनाही एकच, म्हणून चित्रात दोघे सख्ख्या भावांसारखे दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात खाणीच्या तांबड्या ढिगाचे चित्र, वेस्टनप्रमाणे आकाश कापून घेतले, तर ते अतिशय देखणे येईल. धोका तिथेच आहे.

कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कीचे १९९६ सालचे एक चित्र आहे: सडबरी येथील निकेल खाणीच्या गाळातून वाहणारी शेंदरी-लाल नदी, दोन्ही काठ काळेठिक्कर. प्रथम पाहणाऱ्याला तो तप्त लाव्हारस वाटतो. चित्र विलक्षण सुंदर आहे आणि ह्याच कारणासाठी त्याच्यावर टीकाही झाली, की उद्ध्वस्त भूमीला सौंदर्याचे वस्त्र नेसवले. आम्हांस ती टीका अर्धीच मान्य आहे. सौंदर्याने माणूस चित्रापुढे थांबतो, आणि थांबल्याशिवाय वाचणार काय? परंतु थांबलेल्याला चौकटीत कुठे तरी खूण सापडली पाहिजे. बर्टिन्स्कीने ठिकाण, प्रांत आणि खाणीचा पदार्थ नावातच घातले. सेबास्तियाँव साल्गादोने ब्राझीलच्या सेर्रा पेलादा येथील सोन्याच्या खाणीची चित्रे १९८६ साली घेतली, त्यांत ती खूण माणसांची आहे. चिखलाने माखलेली, शिड्यांवरून गोणी वाहणारी हजारो माणसे खड्ड्याच्या चारही भिंतींवर. खड्डा केवढा हे तिथे निराळे सांगावे लागत नाही. आमच्या खाणींचे ढीग टिपणाऱ्यांनी ही खूण बहुतेकदा चौकटीबाहेर ठेवलेली दिसते. पायथ्याचे शेत, गाळाने भरलेला ओहोळ, देवळाचा कळस किंवा कौलारू घर, ह्यांपैकी एक तरी चौकटीत असावे. नाही तर ढिगाचे चित्र ‘तांबडे वाळवंट’ म्हणून कोणत्याही दिनदर्शिकेत खपेल.

आणि तारीख. आमच्या धंद्यात छायाचित्राला तारखेवाचून किंमत नाही. संगणकीय किंवा मोबाईलच्या चित्राला न्यायालयात उभे राहायचे तर प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. कलेच्या दालनात असे प्रमाणपत्र कोणी मागत नाही, पण इथे मागावे असे आम्हांस वाटते. गोव्यातील खाणकाम सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे ठरवले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि त्या वर्षीच्या १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. म्हणजे एकाच ढिगाचे चित्र २०११ चे असेल तर ते वाढत्या ढिगाचे, २०१३ चे असेल तर थांबलेल्या ढिगाचे. आणि कित्येक ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाल्याने आजचे चित्र हिरवेगार टेकडीचेही निघू शकेल. तीनही चित्रे खरी. सालावाचून तीनही फसवी.

चौकटीची ही चर्चा निव्वळ हौशी लोकांपुरती ठेवता आली असती, पण जमिनीच्या नोंदी वाचण्याचे काम रोज करावे लागल्याने आम्हांस ते जमत नाही. गोव्यातील जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात खाजन, केर, मोरड असे भातशेतीचे रकाने असतात. जे कशातच बसत नाही त्यासाठी ‘पोटखराब’ हा रकाना. सड्याची बरीच भूमी तिथे जाऊन पडते. त्या रकान्यात सीतेची आसवे नाहीत, खळग्यांत मुरून खालच्या विहिरींना मिळणारे पाणी नाही, माटोळी नाही. एखाद्या प्रकल्पाच्या प्रस्तावाला जोडलेले भर दुपारचे, उभ्याने घेतलेले, अर्धे आकाश आणि अर्धा काळा कातळ असे चित्र त्या रकान्याला डोळे देते. इथे काहीच नाही, असे रकाना सांगतो आणि चित्र मान डोलावते.

राजस्थानात हेच ओरणांच्या बाबतीत घडत आले. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आमच्या देवराईचे मरुभूमीतील भावंड. खेजडी, बोरी, केर ह्यांची विरळ झाडे, चरणारी गुरे आणि मध्ये देवीचे ठाणे. महसुली दप्तरात अशा कित्येक जागा पडीक म्हणून लागल्या आणि पुढे सौर व पवन विजेच्या प्रकल्पांची दृष्टी त्यांच्यावर गेली. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थान शासनाला ह्या देवरानांचे प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या साहाय्याने सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्यास फर्मावले. समला जाणाऱ्या आमच्या छायाचित्रकारांपैकी कोणी वाटेत ओरणात उतरल्याचे चित्र आमच्या पाहण्यात नाही. तिथे उतरावे. खेजडीचे झाड चौकटीत एका बाजूला, सावलीत बसलेल्या शेळ्या, मागे ठाण्याचे निशाण, आणि वाळू त्या सगळ्यांच्या खालून पसरलेली. उंट आला तर येऊ द्यावा. तो तिथे स्वतःच्या कामाने आलेला असेल.

परत येऊन तोच डोळा कासारपालच्या कालिकेच्या परिसरात, लाटंबार्सेच्या सड्यावर, वाळवंटीच्या काठी लावून पाहावा. आमच्या देवस्थानांच्या स्मरणिकांत गर्भगृहाची आणि पालखीची चित्रे भरपूर असतात, ती असावीतच. परंतु देऊळ ज्या भूमीकडे तोंड करून बसले आहे तिचे एक पान निघाले तर संपादकांना जागा काढणे अवघड नाही. पान आडवे घ्यावे, चित्र भाद्रपदातले घ्यावे, सूर्य उगवल्यापासून तासाभरातले. खाली ‘निसर्गरम्य गोवा’ असे छापू नये. सड्याच्या त्या कोपऱ्याला गावकरी ज्या नावाने ओळखतात ते नाव, महिना आणि साल एवढे पुरे. सर्व्हे क्रमांकही घातला तर आमची हरकत नाही.